एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, हे खरं नाही

एल निनोची बातमी आली की एक मेसेज ठरल्यासारखा फिरू लागतो. त्याचा मजकूर साधारण असा: एल निनोच्या वर्षी पाऊस पडत नाही, एल निनो जितका मोठा तितका दुष्काळ मोठा, यंदा सगळ्या महाराष्ट्रात पीक जाणार, बियाण्यावर पैसे घालू नका, पुढच्या वर्षी ला निना आहे, तेव्हा भरभरून पडेल. अंबाजोगाईकडच्या माझ्या चुलतभावाने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, बियाणं घेऊ का थांबू?" एखाद्याचा अख्खा खरीप अशा मेसेजवर ठरू शकतो, म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासतो.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो. १९६५, १९७२, १९८२, १९८७, २००२, २००९, २०१५ ही देशातल्या मोठ्या दुष्काळांची वर्षं, आणि सगळी एल निनोची. एल निनोमुळे धोका वाढतो, यात शंका नाही. एरवी प्रशांत महासागरातले पूर्वेकडचे वारे ऊबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. तिथे हवा वर चढते, ढग बनतात आणि ती हवा पेरूच्या बाजूला खाली उतरते. एल निनोत हे ऊबदार पाणी मध्य आणि पूर्व प्रशांतकडे सरकतं, हवा तिथे चढू लागते आणि उतरण्याची जागा पश्चिमेला, कधी कधी थेट आपल्या डोक्यावर येते. उतरणाऱ्या हवेत ढग नीट वाढत नाहीत. एका बाजूला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या बाजूला घटतो, हा झोपाळा गिल्बर्ट वॉकर यांनी भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असताना शोधला, तोही मॉन्सूनचा अंदाज बांधण्याच्या खटपटीत. समुद्राच्या तापण्याशी त्याची सांगड मात्र याकोब ब्येर्कनेस यांनी १९६९ साली घातली. चढत्या-उतरत्या हवेच्या या चक्राला नाव वॉकर यांचंच मिळालं.

आता "पाऊस पडत नाही" हे वाक्य. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत ताकदवानांपैकी होता. त्या वर्षी दुष्काळाची भीती सगळ्यांनाच होती. प्रत्यक्षात देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २००२ चा एल निनो त्यामानाने मध्यम होता, आणि त्या वर्षीच्या जुलैत देशाचा पाऊस जवळजवळ निम्म्यावर आला. हंगाम संपला तेव्हा तूट १९ टक्के होती. म्हणजे "जितका मोठा तितका दुष्काळ" हे दुसरं वाक्यही याच दोन वर्षांत निकालात निघतं.

असं का झालं, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बऱ्याच अंशी पुण्यातच शोधलं गेलं. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले के. कृष्ण कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की समुद्र किती तापला याच्याइतकंच तो कुठे तापला हे महत्त्वाचं असतं. १९९७ साली सर्वांत जास्त तापला तो दक्षिण अमेरिकेलगतचा भाग. २००२ साली तापला तो प्रशांतचा मध्य, म्हणजे आपल्याला जास्त जवळचा. उतरती हवा त्यामुळे भारतावर येऊन बसली. याचा उलटा नियम करायचाही मोह टाळावा. २०१५ चा एल निनोही प्रचंड होता आणि त्या वर्षी देशात १४ टक्के तूट पडली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आपण कुणीच विसरलेलो नाही.

शिवाय आपल्या दाराशी स्वतःचा एक समुद्र आहे. हिंद महासागराची आफ्रिकेकडची बाजू तापते आणि सुमात्राकडची गार पडते, तेव्हा त्याला पॉझिटिव्ह इंडियन ओशन डायपोल म्हणतात. १९९७ साली तो फार तीव्र होता. त्याच काळात इंडोनेशियाची जंगलं जळत होती आणि पूर्व आफ्रिकेत पूर आले होते. भारतात एल निनोचा फटका त्याने बराच झेलला, असं मानलं जातं. यातूनच अलीकडे दुसरा मेसेज जन्मला आहे: डायपोल पॉझिटिव्ह आहे, घाबरू नका. तोही तितकाच धोक्याचा. डायपोल जोर धरतो तो बहुधा सप्टेंबर ते नोव्हेंबरात, आणि तोवर आपल्या मुगा-उडदाचा निकाल लागलेला असतो. २०२३ साली एल निनो होता, डायपोलही पॉझिटिव्ह झाला. तरी त्या वर्षीचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. सप्टेंबरने थोडं सावरलं आणि हंगाम ९४ टक्क्यांवर थांबला. कागदावर ९४ हा आकडा बरा दिसतो. ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात असलेल्या सोयाबीनला तो उपयोगाचा नव्हता.

हे महिनाभराचे खंड एकट्या एल निनोचे नसतात. ढगांचा एक भलामोठा पट्टा विषुववृत्तालगत पश्चिमेकडून पूर्वेकडे ३० ते ६० दिवसांत फिरत असतो. त्याला मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन म्हणतात. तो हिंद महासागरात असला की मॉन्सूनला बळ मिळतं, पुढे निघून गेला की मॉन्सूनचा आस, म्हणजे पाऊस देणारा कमी दाबाचा पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो आणि आपल्याकडे उघडीप पडते. एल निनो हे खंड लांबवू शकतो. तारीख मात्र तो ठरवत नाही.

"सगळ्या महाराष्ट्रात" या शब्दांवर मी सर्वांत जास्त अडतो. कोकणात पाऊस पडतो तो अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्रीला धडकतात म्हणून. विदर्भाची भिस्त बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर आहे. मराठवाडा पर्जन्यछायेत, आणि उपसागराकडून येणारा पाऊस तिथे पोचेपर्यंत बऱ्याचदा थकतो. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगली पुरात बुडाली होती आणि त्याच महिन्यात मराठवाड्यात कृत्रिम पावसाचे प्रयोग चालू होते. प्रशांत महासागर दोघांसाठी एकच होता.

ला निना म्हणजे एल निनोच्या उलट स्थिती. तिचं वचन तर सरळ खोटं आहे. १९७४ साली ला निना असताना देशात दुष्काळ पडला. आणि २०१८ च्या पावसाळ्याच्या बहुतेक काळात एल निनो नव्हताच, तरी ऑक्टोबरअखेर राज्य सरकारला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला.

चुलतभावाला मी एवढंच कळवलं: बियाणं घेऊन ठेव. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नकोस, म्हणजे दुबार पेरणी टळेल. सगळं रान सोयाबीनखाली घालू नकोस, आंतरपीक म्हणून तूर असू दे. ऑगस्टात खंड पडला तरी ती तग धरते. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं, तो बघत जा. त्याचं उत्तर आलं, "मग तो मेसेज ग्रुपवरून काढू का?" मी म्हटलं, काढू नकोस, त्याच्या खाली हे टाक.