चित्रातल्या पंचगंगेला जलपर्णी का नसते?

कोल्हापुरात चित्रप्रदर्शनांना तोटा नाही. दसरा चौकात शाहू स्मारकाला काही ना काही लागलेलं असतं, आणि चित्रकार तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो, त्यामुळं निवांत गप्पा होतात. मोठ्या शहरात हे सुख इतक्या सहज मिळत नाही. तेव्हा पुढची कुरकुर घरच्या माणसाची आहे असं समजूनच वाचा.

परवा असाच एक ग्रुप शो बघितला. विषय आपल्या भागातला निसर्ग आणि लोकजीवन. पंचगंगा घाट होता, अर्थातच. जुना वाडा, दिंडी दरवाजातून आत पडलेलं ऊन. बैलगाडी. नऊवारीतली बाई, डोक्यावर पाटी. हात सगळ्यांचे तयार, त्यात खोट काढायला जागा नाही. पण घाटाच्या चित्रात नदी निळीशार! आपली पंचगंगा? उन्हाळ्यात जलपर्णी साचली की पाणी दिसायची मारामार असते. बरीच चित्रं फोटोवरून केलेली, तेही लपत नव्हतं. सावल्या काळ्याठिक्कर, आणि लांबचा डोंगर जवळच्या झाडाइतकाच रेखीव.

गंमत म्हणजे स्पॉटवर बसून काम करायची परंपरा आपल्याच गावची. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि परत आले ते इथलेच होऊन राहिले. कोटीतीर्थ, रंकाळा, संध्यामठ हेच त्यांचे विषय. १९३१ साली ते गेले. टाऊन हॉल म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत, मुद्दाम जाऊन बघा. नट म्हणून सगळ्यांना माहीत असलेले चंद्रकांत मांडरे यांचा राजारामपुरीतला 'निसर्ग' बंगला आज त्यांच्याच चित्रांचं संग्रहालय आहे, आणि बाहेरून पाहुणे आले तरी आपण त्यांना तिथं नेत नाही, ते सोडा. मुद्दा असा की आबालालांनी डोळ्यासमोर होतं ते रंगवलं. आपण मात्र अजून आबालालांच्या काळातलंच कोल्हापूर रंगवत बसलोय.

एका चित्रकार मित्राला हे बोललो तर म्हणाला, "जलपर्णी कोण लावणार घरातल्या हॉलमध्ये? घाट खपतो बाबा." खरं आहे त्याचं. प्रदर्शनाच्या हॉलचं भाडं, फ्रेमिंग, कार्ड छापणं, सगळं खिशातून. चार घाट विकले गेले तर पुढचं प्रदर्शन होतं. विकायला घाट काढा, कुणाची हरकत नाही. पण भिंतीवरची सगळीच चित्रं त्याच हिशेबानं लावायची का?

२०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. एवढं सगळं डोळ्यांनी बघितलेलं गाव आपलं. त्या पाण्याचा गढूळ तांबूस रंग, पूर ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ, दारात वाळत टाकलेल्या गाद्या. हा आपला निसर्ग नव्हे का? मी बघितलेल्या प्रदर्शनांत तरी पुराचं एकही चित्र नव्हतं.

त्याच शोमध्ये कोपऱ्यात एक छोटं जलरंगातलं चित्र होतं, गुऱ्हाळाचं. काहिलीतल्या रसावरचा फेस दाखवायला चित्रकारानं रंगच लावला नव्हता, कागद नुसता कोरा सोडलेला. बाजूला चिपाडाचा ढीग, चुलवाणातला जाळ, आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, अंगात टी-शर्ट घालून एका हातानं मोबाईलवर बोलतोय! हे आत्ताचं गुऱ्हाळ. आणि खाली चिठ्ठीवर गावाचं नाव आणि 'डिसेंबर, सकाळी' एवढं लिहिलेलं. बाकी सगळीकडं 'निसर्गचित्र १', 'निसर्गचित्र २'. लोक त्या गुऱ्हाळापाशीच थांबत होते. एक आजोबा तर कोणत्या उसाचा रस असेल यावर चित्रकाराशी वाद घालत होते.

आयोजकांना एवढंच सांगणं आहे की जागा, महिना आणि वेळ लिहिल्याशिवाय लँडस्केप घेऊ नका. निम्मे फोटोवाले आपोआप घराबाहेर पडतील. आणि तुमच्यापैकी कुणी पुराची चित्रं केली असतील, किंवा कुणाकडं बघितली असतील, तर खाली सांगा. प्रदर्शन भरेपर्यंत थांबायची माझी तयारी नाही, घरी येऊन बघीन.