भिंतीमागचा शेजार

माझा एक मित्र माझ्या घराच्या पाठीमागेच राहतो. तो शिंकला तर मला खिडकीत ऐकू येतं. त्याच्याकडे जायचं तर मात्र गाडी काढावी लागते.

त्याची गल्ली जिथे संपते तिथेच माझीही संपते, फक्त मध्ये कंपाउंडची भिंत आहे. म्हणून आधी माझ्या गल्लीतून उलटं बाहेर, मग कॉलनीचा वळणावळणाचा रस्ता, मग हायवे, लांबचा यू-टर्न, त्याच्या कॉलनीचं गेट. गेटवर वॉचमन वही पुढे करून विचारतो, "कुठून आलात?" मी खरं तेच सांगतो: "मागून." तेव्हापासून तो माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघतो.

रस्त्यांचा अभ्यास करणारे लोक एका ठिकाणी किती रस्ते मिळतात ते मोजतात. चार मिळाले तर उत्तम, तीन म्हणजे चालेल, एक म्हणजे माझी गल्ली. शहराच्या जुन्या भागात चुकलं तरी पुढच्या चौकातून वळता येतं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये तर 1811 साली रस्ते आखायला नेमलेल्या कमिशनरांनी उभ्या-आडव्या रेघा मारून चुकायची सोयच ठेवली नाही. शहर पसरत काठावर आलं, की जो तो बिल्डर आपल्या तुकड्यापुरते रस्ते आखतो आणि शेजारच्या तुकड्याकडे पाठ करून बसतो.

बंद गल्लीमागचा हेतू तसा चांगला होता. 1929च्या सुमारास न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये मुलांना गाड्यांपासून वाचवायला अशा गल्ल्या आखल्या, पण सोबत पायी चालणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटा आणि रस्त्याखालून बोगदाही दिला. पुढे घरकर्जांना हमी देणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्यानं बंद गल्ल्यांची भलामण केली. नक्कल करणाऱ्यांनी गल्ल्या तेवढ्या उचलल्या, पायवाटा राहून गेल्या. (नक्कल करताना नेमकं खर्चाचं पान कसं गळतं, देव जाणे.)

इमारती पडतात, नव्या होतात, पण एकदा पडलेला रस्ता हलत नाही. 1666च्या आगीत लंडनचा बराच भाग जळला, वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेननं रुंद, सरळ रस्त्यांचा आराखडा पुढे ठेवला. लोकांनी बहुतेक जुन्याच रेषांवर घरं उभी केली. म्हणजे आगीवरही भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणून मी आमच्या कॉलनीच्या सभेत भिंतीला माणूस जाईल एवढंच एक छोटं दार सुचवलं. लगेच कुणीतरी म्हणालं, "पलीकडचे चोर येतील." मी तोच अर्ज पलीकडच्या सभेलाही दिला. तिथेही चोरांचीच चर्चा झाली, फक्त ते आमच्या बाजूचे होते. अखेर दोन्ही सभांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि भिंत दोन फूट वाढवायचा ठराव मंजूर झाला.

ठरावाच्या बाजूनं मित्रानंही हात वर केला होता म्हणे. म्हणाला, "तुझी शिंक फार मोठी आहे रे."