‘दर महिन्याला सगळ्या कळपाला जंताचं औषध’ हा मेसेज पुढे ढकलू नका

घाटकोपर, परळ, कोपरखैरणेतल्या आपल्या माण-खटावच्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की मेंढीला जंताविरुद्ध प्रतिकारशक्ती येतच नाही म्हणून सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजा, डोस थोडा कमी पडला तरी चालतो, आणि जंतावर लस निघूच शकत नाही. मुंबईत बसून आपण फॉरवर्ड करतो आणि गावाकडं आबा-तात्या खरंच तसं करतात, म्हणून लिहितोय.

प्रतिकारशक्ती येते हो. कोकराला ती लगेच नसते, पण चरताना गवतावरच्या जंताच्या अळ्या पोटात जात राहतात आणि काही महिन्यांत शरीर त्यांना ओळखायला लागतं, मग आतड्यात चिकट स्राव वाढतो, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अळ्यांवर तुटून पडतात, आयजीए या जंताशी लढणाऱ्या अँटीबॉडीमुळे जंत खुरटे राहतात आणि माद्या अंडी कमी घालतात. विण्याच्या सुमारास आणि कोकरू पीत असताना मात्र ही ताकद ढिली पडते, चारा कमी पडला तरी तेच. म्हणजे लक्ष कोकरांवर आणि व्यालेल्या मेंढ्यांवर हवं, सरसकट नाही.

सगळ्या कळपाला पाजणं तर सगळ्यात घातक. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांत असतात. हिमाँकस हा चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा जंत, एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली पितो, हजार झाले की ५० मिली, म्हणून मेंढी पांढरी पडते आणि ते खालच्या पापणीच्या आत दिसतं. दक्षिण आफ्रिकेत तर त्यासाठी रंगांचं फमाचा कार्डच बनवलंय, फिकट दिसेल तिलाच औषध. सगळ्यांना पाजलं की औषधाला न जुमानणारे जंतच मागं उरतात आणि त्यांचीच पिलावळ कुरणात पसरते. थायाबेंडाझोल हे जंताचं औषध १९६१ला आलं आणि १९६४पर्यंत त्याला दाद न देणारे जंत सापडले सुद्धा! कमी डोसनेही हेच होतं, त्यामुळे वजन करूनच पाजा.

लस तर ऑस्ट्रेलियात २०१४लाच आली, हिमाँकसच्याच आतड्यातल्या प्रथिनांपासून केलेली, फक्त परत परत टोचावी लागते.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट, ही ताकद वंशातही उतरते. सुंदरबनची गॅरोल मेंढी जंताला चांगली तोंड देते, फलटणच्या निंबकर संस्थेनं तिचा दख्खनीशी संकर करून पाहिला तेव्हा त्या कोकरांतही हे दिसलं. म्हणून पैदाशीचा नर निवडताना नुसता अंगापिंडानं बघू नका, तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात त्याच्या लेंड्या नेऊन त्यातली जंताची अंडी मोजायला सांगा.