अर्धा किलो चाप

दहा मीटर एअर पिस्तुलाला बंदुकीचा परवाना लागत नाही, हे मी जुळे सोलापुरात इतक्या जणांना सांगितलंय की आता घराबाहेर पाटीच लावावी म्हणते. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, मागे दाबलेली हवा, बस्स. तरी शेजारच्या काकू म्हणाल्याच, "असू दे की, चोर आला तर उपयोग होईल." होईल की. चोराने चांगल्या उजेडात बरोब्बर दहा मीटरवर न हलता उभं राहावं आणि मला साठ गोळ्यांसाठी पंचाहत्तर मिनिटं द्यावीत. एवढं केलं तर त्याचं काही खरं नाही.

शाळेत गणित शिकवणाऱ्या आणि चाळिशीनंतर नेमबाजीला लागलेल्या बाईने स्वतःचं पिस्तूल घ्यावं का, यावर घरात बरीच चर्चा झाली. नवरा म्हणाला, त्या पैशात स्कूटर येते. येते. पण क्लबच्या जुन्या पिस्तुलाची मूठ इतक्या जणांनी आपापल्या सोयीने घासली होती की ती आता कुणाच्याच हाताला बसत नव्हती. म्हणून नवं मागवलं.

नवीन पिस्तुलाबरोबर डब्यात एक कागद येतो. कारखान्यात त्यातून मारलेल्या पाच गोळ्या, पाचही एकाच भोकातून गेलेल्या. हा पिस्तुलाचा निर्दोष असल्याचा दाखला. नेमबाजाला असा दाखला कुणी देत नाही. नवऱ्याने तो कागद फ्रिजवर लावला आणि पुढे जे जे घडलं त्या प्रत्येक वेळी तो फक्त फ्रिजकडे बघायचा.

पहिला प्रश्न हवेचा. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचा असतो; बार हे दाबाचं माप. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने तो हातात घेऊन सहज विचारलं, "किती मारू मॅडम, पस्तीस?" त्याचे पस्तीस पीएसआयमध्ये, म्हणजे टायरच्या हवेच्या मापात, २०० बार म्हणजे साधारण २९०० पीएसआय. हे सांगितल्यावर त्याने सिलिंडर अलगद माझ्या हातात ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला. मग हातपंप. दिसायला सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ. पण शेवटचे पन्नास बार अख्खं अंग दांड्यावर टाकल्याशिवाय भरत नाहीत. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि त्यात मी पंप मारत होते. सासूबाई भेंडी चिरता चिरता म्हणाल्या, "पैसे देऊन हे आणलंस होय?"

भरून झालं, काटा २०० वर. थोड्या वेळाने बघते तर जरा उतरलेला. विक्रेत्याला फोन केला. "मॅडम, भरताना हवा तापते, गार झाली की दाब उतरतो." हे खरंच आहे, विज्ञानाच्या सरांनीही दुजोरा दिला. पण सकाळी काटा १४० वर होता. आमच्या घरात रात्री काही काश्मीरचं वारं सुटत नाही. पुन्हा फोन. "नवीन आहे मॅडम, सेट व्हायला वेळ लागतो."

इथे अण्णा मैदानात उतरले. अण्णा म्हणजे माझे सासरे, लक्ष्मी-विष्णू या कापड मिलमधले जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारे. मिल बंद पडली, जॉबर बंद पडला नाही. जगातलं कुठलंही यंत्र त्यांच्या लेखी मागच्या जन्मीचा माग असतो. त्यांनी पिस्तूल कानाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आधी पट्टा उतरव. मग कळतं आवाज कुणाचा ते."

इथला पट्टा म्हणजे सिलिंडर. तो पुन्हा भरला आणि रात्रभर पिस्तुलापासून वेगळा ठेवला. सकाळी काटा जागचा हलला नव्हता. म्हणजे सिलिंडर साव, चोर पिस्तुलाच्या जोडात. मग भांड्याच्या साबणाचा फेस करून जोडावर ब्रशने लावला. एक बारीक फुगा आला, फुटला, पुन्हा आला. मी दहावीला पास झालो तेव्हाही अण्णांना इतका आनंद झाला नसेल, असं नवरा म्हणतो. त्याचे मार्क मी पाहिलेत, त्यामुळे वाद घालत नाही. आतल्या ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला, केसभर चीर होती. डब्यात जादा रिंग होती, ती बसवली. ओ-रिंग 'सेट' होत नसते, फाटलेली असते, हे मी विक्रेत्याला फोन करून शिकवणीच्या सुरात सांगितलं. नवऱ्याने त्या दिवशी फ्रिजकडे पाहिलं नाही.

लढाई पुढेच होती. अण्णा स्पिंडल ऑइलची कुपी घेऊन आले. मी पिस्तूल पदराआड घेतलं. "अगं, मशीनला तेल नाही? मग ते चालतं कशावर?" अशा दाबाच्या हवेत खनिज तेल गेलं तर ते पेट घेऊ शकतं, म्हणून रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकं, हे मी समजावलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. काढलेलं तेल परत कुपीत घालणं त्यांच्या तत्त्वात बसत नसल्याने पिस्तुलाच्या डब्याच्या बिजागऱ्यांना दोन थेंब सोडले.

आता पिस्तूल बरं झालं, गोळ्या मात्र डावीकडे खाली. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या तिकडे गेल्या की सगळे एकच निदान करतात: चाप ओढताना हात झटकतोय. नवऱ्याने तर दाखलाच दिला, "मनू भाकरचं पिस्तूल टोकियो ऑलिम्पिकमध्ये पात्रता फेरीतच बिघडलं होतं, तरी तिने ५७५ केले." केले. आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली, ते तो सांगत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये तिने याच प्रकारात कांस्य घेतलं, तेव्हा पिस्तूल धड होतं हेही कुणी लक्षात घेत नाही.

शेवटी गच्चीवर चाचणी झाली. दहा मीटर टेपने मोजले, छर्रे अडवायला लोखंडी पेटी, तिच्यामागे भिंत. अण्णांनी त्यांचा जुना व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरायचा शिकंजा, टेबलाला आवळला आणि पिस्तूल सोलापुरी टॉवेलमध्ये गुंडाळून त्यात धरलं. छर्रे वेगवेगळ्या मापांचे आणले होते. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, असा शतांश मिलिमीटरचा फरक. सुताचा नंबर बोटांनी ओळखणारे अण्णा दोन छर्रे चिमटीत फिरवून बराच वेळ बसले आणि मग म्हणाले, "कंपनी फसवते." पण ४.४९चे छर्रे एकाच भोकात गेले आणि ४.५०चे जरा पसरले. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं असतं. तिथे 'जरा' परवडत नाही.

भोक एकच, म्हणजे पिस्तूल सुटलं. उरले मी. पण मी दोष घ्यायला तयार नव्हते आणि ते बरोबरच होतं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, सुबक, आणि माझ्या हाताला एक माप मोठी. त्यामुळे बोट चापावर सरळ न येता तिरकं यायचं आणि दाबताना नळी डावीकडे ढकलायचं. मग कानस, पॉलिश पेपर आणि लाकडात भरायची लांबी, म्हणजे पुट्टी. तळव्याखाली भर, अंगठ्याशी घास, मूठ धर, सोड, पुन्हा घास. सासूबाईंना हे बघवेना. "एवढ्या किमतीचं लाकूड किसतेस?" त्यात नियम असा की मूठ मनगटाला लपेटता कामा नये आणि अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. घरभर भुसा झाला. गोळ्या मध्यावर आल्या.

राहिला चाप. तो किमान ५०० ग्रॅमचा हवा. नळी आकाशाकडे करून चापाला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून उचलायचं. चाप सुटला तर पिस्तूल बाद. नेमबाजाला तो हवा असतो बरोब्बर ५०० ला टेकलेला, त्यावर एक ग्रॅम नको. आमच्या किराणावाल्याकडे अजून तराजू आहे. त्याचं अर्धा किलोचं माप मागून आणलं, तारेचा आकडा केला आणि स्क्रू इतका नाजूक लावला की माप उचललं जावं, पण जेमतेम.

हुतात्मा एक्स्प्रेसने स्पर्धेसाठी पुण्याला गेले. तपासणीच्या टेबलावर पेटीत पिस्तूल मावलं. मग वजन लावलं. टक्. चाप सुटला. "मॅडम, हलका आहे." तिथेच स्क्रू फिरवला, पुन्हा उचललं, पास झाले. स्पर्धेचं पुढे काय झालं, तो वेगळा लेख होईल.

घरी येऊन हे सांगितलं तर अण्णा काही न बोलता ते माप घेऊन सराफाकडे गेले. परत आले ते आकडा घेऊनच: ४८५ ग्रॅम. मी सवयीने म्हणून गेले, "म्हणजे तीन टक्के कमी." सासूबाईंनी हातातली तूरडाळ निवडायची थांबवली. या दुकानातून त्या लग्न झाल्यापासून किराणा भरतात. डाळ, साखर, शेंगदाणे, दिवाळीचा रवा असं मनातल्या मनात मागे मागे जात त्यांनी बरंच मोजलं असावं, कारण चेहरा लाल होत गेला. मग पदर खोचून त्या उठल्या.

"ते पिस्तूल दे गं इकडं. दुकानात नेऊन दाखवते त्याला."