ज्योत दिसते, पण मान्य नाही

आमच्या शेगडीचा एक बर्नर पेटतो. निळा, गोल, बघत राहावा असा पेटतो. फक्त नॉबवरचं बोट उचललं की विझतो. त्यामुळे स्वयंपाकाला आता दोन माणसं लागतात, एक ढवळणारा आणि एक दाबणारा. दाबणारा अर्थातच मी.

सल्ल्यांना तोटा नाही. शेजारचा बर्नर भडभडून जळत असताना ‘गॅस संपला असेल’ म्हणणारे भेटले. ‘हळूच सोड’ हा तर सर्वमान्य उपाय. म्हणजे बोट असं काढायचं की शेगडीला पत्ताच लागू नये. तिला लागतो.

मग मी खाली वाकून पाहिलं. बर्नरला चिकटून दोन दांड्या उभ्या होत्या. पांढऱ्या चिनी मातीच्या बाहीतली दांडी ठिणगी पाडते. ती उत्साही, गॅस असो-नसो, टकटक करते. दुसरी थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंचा जोड, आणि खरा अधिकार हिच्याकडे. टोक तापलं की ही वीस-तीस मिलिव्होल्ट वीज काढते, त्यावर आतलं चुंबक गॅसची झडप उघडी धरतं. ज्योत विझली तर गॅस कोंडू नये म्हणून ही सोय. बोट दाबलेलं असतं तेव्हा झडप आपण धरलेली असते. सोडल्यावर ती मिलिव्होल्टांनी धरायची. पेन्सिल सेलमध्ये १५०० मिलिव्होल्ट असतात, यावरून आपला संसार किती बारीक धाग्यावर चाललाय ते कळावं. समोर ज्योत धडधडीत दिसतेय, पण मिलिव्होल्ट भरले नाहीत तर ती नाहीच. समोर उभ्या माणसाकडे हयातीचा दाखला मागणारा कारकून याच घराण्यातला.

दोन धातूंच्या जोडाला आच दिली की काहीतरी घडतं, हे सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाने १८२१ साली पाहिलं आणि ती वीज असताना ते चुंबकत्व आहे असं ठरवून टाकलं. म्हणजे या वस्तूचं चुकीचं निदान करण्याची परंपरा पहिल्यापासूनची आहे. गॅस संपला म्हणणाऱ्यांवरचा माझा राग तेव्हा थोडा निवळला.

गॅस बंद करून, शेगडी थंड झाल्यावर थर्मोकपलचं टोक बारीक पॉलिश पेपरने घासलं. उतू गेलेल्याचे थर निघाले. तरी विझणं चालूच. शेवटी दिसलं की टोकच किंचित वाकलंय आणि ज्योत त्याला वळसा घालून जातेय. सरळ केलं. पेटवलं, थोडा वेळ दाबून धरलं, बोट सोडलं. ज्योत राहिली!

आनंदाच्या भरात घरच्यांनी शेगडी ओल्या फडक्याने लख्ख पुसली. पाणी नॉबखालच्या स्विचात गेलं आणि सगळे नॉब बंद असताना सगळे बर्नर एका सुरात टकटक करू लागले. प्लग काढला तेव्हा कुठे थांबले. आता ज्योत टिकतेय, पण स्विच वाळेपर्यंत पेटवायला काडेपेटी लागते, आणि ती शोधायचं खातंही माझ्याकडेच आलंय.