पणजोबा जनगणनेत सापडणार नाहीत

‘१८८१च्या जनगणनेत तुमच्या पणजोबांचं नाव आहे. ते काढा, डीएनए चाचणी करा. मूळ गाव, कूळ, जात सगळं कळेल,’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यावर विसंबून लोक पैसे खर्च करतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

नाव जनगणनेत सापडतं, हे ब्रिटनसारख्या देशांत खरं आहे. इंग्लंड-वेल्सच्या १९२१च्या जनगणनेचे घरोघरचे अर्ज २०२२मध्ये खुले झाले. आपल्याकडे आकडे काढून झाल्यावर प्रगणकांचे कागद जपलेच गेले नाहीत. उरले ते छापील तक्ते: अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके पुरुष, इतक्या बायका. त्यात पणजोबा कुठून सापडणार? स्वातंत्र्यानंतरच्या नोंदी तर १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५नुसार कुणाला पाहताच येत नाहीत.

डीएनए जात सांगतो, हा दावा त्याहून घातक. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएचा ‘आर१ए’ नावाचा गट ब्राह्मणांत आढळतो, तसाच चेंचू आदिवासींतही. शिवाय ही चाचणी बापाची एकच ओळ दाखवते. खापरपणजोबांच्या पिढीत तुमचे पूर्वज सोळा, बाकीचे पंधरा त्यात नाहीत.

‘डीएनएतून नातेवाईक जुळतात’ असंही सांगतात, ते अर्धसत्य. चाचणी केलेल्यांतूनच जुळणी निघते. त्यातही आपल्याकडे लग्नं पिढ्यान्‌पिढ्या जातीतच, काही घरांत मामाच्या मुलीशीही. त्यामुळे दूरचा माणूस जवळचा चुलत भाऊ भासतो.

मग नावं आहेत कुठे? तहसीलच्या अभिलेख कक्षात. जुना गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यू आहेत. फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या, वारसनोंदीत मयत खातेदाराखाली त्याच्या वारसांची नावं ओळीने येतात. एका नोंदीतून दोन पिढ्या हाती लागतात, कधी सासरी गेलेली बहीणही. जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्याही पाहाव्यात. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांसाठी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतली गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, नोंदपुस्तकं आहेत. त्यांत बापाचं नाव आणि गावही सापडू शकतं.

बरीच जुनी पानं मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा सोबत न्या. आणि जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला तिच्या आजीचं माहेर विचारून घ्या. गावाचं नाव नसेल तर अभिलेख कक्षात कोणतं दप्तर मागायचं, हेच ठरत नाही.