‘द्रव दाबले जात नाहीत’ या आक्षेपाबद्दल

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही मोघम देत नाही. तुमचं म्हणणं असं: द्रव दाबले जात नाहीत, दाबाचा परिणाम नगण्य, तेव्हा इथेनॉल (नेहमीचं अल्कोहोल) आणि हेप्टेन (पेट्रोलमधला एक हायड्रोकार्बन) यांच्या मिश्रणाची घनता प्रचंड दाबाखाली मोजणं हा प्रयोगशाळेतला हौसेचा खेळ, शिवाय पाण्यात मिसळताना अल्कोहोल आकसतं, मग इथे ते फुगतं असं मी कसं लिहिलं?

आधी फुगण्याचं. इथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून साखळ्या करतात. पाणी त्या बंधांत सामील होतं. हेप्टेनकडे त्यासाठी काहीच नाही, ते नुसतं मध्ये घुसून साखळ्या तोडतं. बंध तोडायला ऊर्जा लागते, म्हणून मिसळताना मिश्रण थंड होतं, आणि आकारमान मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठराविक संख्या) जास्तीत जास्त अर्ध्या घन सेंटिमीटरच्या आसपास वाढतं. म्हणजे अर्धा टक्काही नाही. इतक्याशा वाढीला ‘फुगणं’ म्हणावं का, हा वाद घालायचा तर घाला.

आता दाब. 25 अंश सेल्सिअसला 100 मेगापास्कल, म्हणजे सुमारे हजार वातावरणांचा दाब दिला, तर हेप्टेन आठ-नऊ टक्के आकसतं, इथेनॉल सातेक टक्के. पाणी जेमतेम चार. ‘द्रव दाबले जात नाहीत’ हे आपण पाण्यावरून शिकलो आणि सगळ्यांना लावून मोकळे झालो! डिझेल इंजिनात इंधन 200 मेगापास्कलपर्यंतच्या दाबाने फवारलं जातं. तिथे एक वातावरणाची घनता धरून वस्तुमान काढलंत, तर हिशेब चुकणारच. ध्वनीचा वेगही दाबागणिक बदलतो आणि इंधनाच्या नळीतल्या दाबलहरी त्याच वेगाने धावतात.

एका बाबतीत मात्र तुमचा ‘नगण्य’ हा शब्द मला मान्य आहे. मिसळण्याच्या अतिरिक्त गिब्ज ऊर्जेत (मिश्रण आदर्श मिश्रणापेक्षा किती वेगळं वागतं, याचं ऊर्जेतलं माप) दाबाने पडणारी भर अतिरिक्त आकारमानावर, म्हणजे वर सांगितलेल्या वाढीवर ठरते. अर्धा घन सेंटिमीटर गुणिले 100 मेगापास्कल म्हणजे मोलमागे 50 ज्यूल. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण दाबाखाली ती वाढही घटते. मूळ ऊर्जा हजार ज्यूलच्या वर आहे. म्हणून बाष्प-द्रव समतोलाच्या (बाष्पात कोणता घटक किती आणि द्रवात किती, याच्या) गणितात मीही ही दुरुस्ती बहुधा सोडून देतो.

पण मिश्रण दोन थरांत फुटण्याच्या उंबरठ्यावर असेल, तर सोडू नका. मिथेनॉल आणि हेक्झेन (इथेनॉल आणि हेप्टेनचे जवळचे भाऊबंद) साधारण 35 अंशांच्या वर कोणत्याही प्रमाणात मिसळतात, त्याखाली मधल्या प्रमाणांत दोन थर होतात. दाब वाढवला की ही सीमा वर सरकते. मिसळताना आकारमान वाढतं, दाब त्या वाढीला विरोध करतो, आणि एकजीव दिसणारं मिश्रण त्याच तापमानाला दुभंगतं.